ग्रहणातले भजे

सीताबर्डीला खाप्याच्या मोटारीसाठी तुळजाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक तरुण मास्तर आणि त्याची पोटुशी बायको. तुळजाबाईंचे डोळे रस्त्याकडे होते, कान मात्र त्या दोघांकडे.

"सासूबाई म्हणतात, आज ग्रहण हाय. विळीले हात लावू नको, चुलीपाशी जाऊ नको, पडून राय."

"येडी हाय माय! तिकडे रशियानं परवा कुत्रं बसवून आकाशात नकली चंद्र सोडला, अन् माय विळी लपवून राहिली! अवं, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, बस."

"सावलीनं पोटातल्या लेकराले काहीच होत नाही?"

"काहीच नाही. म्हणून तर दोस्ताइले बोलावलं. ऐन ग्रहणात भजे खाऊ."

"तळते कोण?"

"तूच वं! सावलीले काय भेऊन राहिली?"

"कुत्र्याले तरी बसाले भेटलं... काहो, हे सावली दर पुनवेले पडत नाही का जी?"

"नाही. चंद्राचा रस्ता जरा तिरपा हाय. बहुतेक वेळा सावली हुकते."

"अरेरे!"

"पाह्य, तुले समजलं. आता घरी जाऊन मायलेही समजावतो."

"नका जी. म्हातारपणी त्यांचा धर्म कायले बुडवता?"