कानापासून सुरुवात

खुळुक... खुळुक... खुळखुळ.

माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या मुख्याध्यापिकाबाई, प्रमुख पाहुणे शिक्षणाधिकारी साहेब, आजच्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या चित्रकलाबाई, माझे जुने सहकारी, पालकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, आणि मागच्या दाराशी चहाच्या किटलीवर पहारा देणारे आमचे शिपाईमामा! व्यासपीठावर आल्या आल्या तोंडानं असला आवाज काढला, त्याबद्दल या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. पण या शाळेच्या बाकांवर ज्यांनी चार वर्षं काढली, त्यांनी तो ओळखला असणार. बघा, तिसऱ्या रांगेतल्या माना डोलायला लागल्यासुद्धा! पत्र्याचा डबा आणि त्यात पेन्सिलींची थोटकं. व्हरांड्यातून आधी तो डबा ऐकू यायचा आणि मग बाई दिसायच्या. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायचो. माझ्या कवितेत नुकतं कुठं उजाडत असायचं, पाखरं जागी होत असायची, आणि भिंतीपलीकडून खुळुक! संपलं. माझा निम्मा वर्ग शरीरानं बाकावर आणि मनानं त्या डब्यात.

बाईंनी मला कालच बजावलं आहे. म्हणाल्या, "सर, माझ्याविषयी विशेषणं वापरायची नाहीत. जे घडलं तेवढंच सांगायचं." आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाची विशेषणं काढून घेतली तर मागे काय उरतं? पण बाईंचा शब्द मोडण्याची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा घडलं ते सांगतो.

माझ्या डाव्या हाताच्या भिंतीकडे पाहा. तिथं एक खिळा आहे. रिकामा. नवीन मुलांना वाटत असेल, काढायचा राहून गेला. तसं नाही. त्या खिळ्यावर सव्वीस वर्षं काहीही टिकलेलं नाही, कारण बाईंनी टिकू दिलेलं नाही. एका मुख्याध्यापकांनी वेळापत्रक लावलं, दुसऱ्या दिवशी ते समोरच्या भिंतीवर गेलं. आपल्या अध्यक्षबाईंनी मोठ्या हौसेनं घड्याळ लावलं, ते मधल्या सुट्टीतच खाली आलं. (बाई हसतायत. अध्यक्षबाई हसत नाहीयेत. कार्यालयात ते घड्याळ उद्यासाठी पुसून ठेवलेलं मी येताना पाहिलं.)

त्या खिळ्याचा गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. घरात तिला बिट्टी म्हणायचे. शहाणी, बोलकी, पाढे पाठ. पण चित्र म्हटलं की आनंदीआनंद. तिनं काढलेली गाय कुठली आणि टेबल कुठलं, हे कळायला खालचं नाव वाचावं लागे, आणि वाचूनही खात्री पटेच असं नाही. त्या वर्षी बाईंनी याच सभागृहात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. विषय होता, 'माझ्या घरातलं एक माणूस'. बिट्टीनं ठरवलं, आईचं चित्र काढायचं. आणि बापाला वाटलं, आपण मदत करावी.

"बाबा, आईचे डोळे कसे काढू?"

"कमळासारखे!"

"नाक?"

"चाफेकळी!"

"आणि मान?"

"शंखासारखी. आणि वेणी कशी, तर नागीण! काळीभोर नागीण!"

मी आरामखुर्चीत डोळे मिटून सांगत होतो. शाळेत शिकवलेल्या सगळ्या कविता रांगेनं येऊन माझ्या जिभेवर बसल्या होत्या. बिट्टी कागदावर मान घालून काढत होती. आणि ज्या माणसाचं चित्र चाललं होतं, ते आमच्यापासून चार हातांवर बसून शेंगा निवडत होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. लेकीनंही पाहिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी त्या खिळ्यावर 'माझी आई' लागली. डोळ्यांच्या जागी दोन कमळं, देठांसकट. मधोमध एक कळी. खाली शंख. आणि डोक्यामागून फणा काढून, जीभ बाहेर टाकून बघणारी नागीण! लोक जमले. एका पालकानं विचारलं, "हा तलाव कुणाच्या घरचा?" सभागृह फुटलं हसून. मंडळी, मीसुद्धा हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पाणी पुसून पाहतो तो बिट्टी शेजारीच उभी. आईचं बोट घट्ट धरलेलं. तिचा चेहरा कसा झाला होता... नको. इथं मी उपमा देणार नाही.

तिच्या आईनं ते चित्र खिळ्यावरून काढलं, काळजीपूर्वक गुंडाळलं आणि पायरीवर येऊन मला म्हणाली, "बाकीचे हसले, त्यांना काय माहीत! पण तुम्ही? त्या कागदावर शब्द न् शब्द तुमचा आहे. आता ही पोर आपल्या तोंडानं मला म्हणेल, 'आई, चल, बघायला ये', तेव्हाच मी या शाळेची पायरी चढेन."

ही आमच्या घरची मंडळी. बोलतात कमी, पण बोलल्या की तो सरकारी आदेश. बारा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर माझा निरोप समारंभ झाला. गळ्यात हार, हातात सन्मानपत्र, आणि सत्कारमूर्ती घरी एकटेच गेले.

बिट्टीनं रंगपेट्या कचऱ्यात टाकल्या. मी तिची समजूत घातली, "असू दे गं, सगळ्यांच्या हातात नसतं ते." मला वाटलं, मी मायेनं बोललो. आठवड्यानं शिक्षकांच्या खोलीत बाईंनी मला गाठलं.

"सर, बिट्टी माझ्या तासाला हात बाकाखाली लपवून बसते."

"सोडून द्या तिला, बाई. तिच्या हातात कला नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या.

मी चपापलो. बापानं म्हणणं निराळं हो! 

"इतका अवघडलेला हात मी अजून पाहिला नाही," बाई पुढं म्हणाल्या. "पण तिला आईचं चित्र अजून काढायचंय का?"

"म्हणते खरी. आईला सगळे हसले ते माझ्यामुळं, म्हणते. एकदा तरी खरी आई काढून दाखवायचीय, म्हणते."

"मग शिकवता येईल. सर, एक सांगा. तुमच्या कवितांत कानाला काय म्हणतात?"

मी विचारात पडलो. डोळे झाले, ओठ झाले, दात, भुवया, चाल, हसणं, सगळं आठवून झालं. "हत्तीच्या कानांना सुपं म्हणतात," मी म्हणालो.

"आणि आईच्या?"

"आईच्या... काही नाही."

"छान!" बाई म्हणाल्या. "मग आपण कानापासून सुरुवात करू."

त्यांनी डब्यातून एक थोटूक काढून दिलं, अंगठ्याच्या पेराएवढं. लिहायच्या पेन्सिलीसारखं ते धरताच येत नाही, चिमटीत आडवं धरावं लागतं. म्हणाल्या, "लांब पेन्सिल धरली की हिचा हात अक्षरं काढायला लागतो. अक्षर कसं दिसतं ते आधीच ठरलेलं असतं. कान तसा नसतो." मग नियम सांगितले. रोज चहानंतर वीस मिनिटं, आईचा उजवा कान. दुसरं काही नाही. झालं की प्रत्येक रेघ तपासायची आणि पाहून न काढलेल्या, मनानं ओढलेल्या रेघेवर बिट्टीनंच फुली मारायची. खोडायचं नाही. "आणि सर, तेवढा वेळ तुम्ही दुसऱ्या खोलीत. बोलायचं नाही."

"गुणगुणलं तर?"

"गुणगुणायचंही नाही."

झालं! रोज चहानंतर मी हद्दपार. दाराच्या फटीतून मला दिसायची ती शेंगा निवडणारी बायको आणि तिच्या कानाशी नाक नेऊन बसलेली लेक. पहिला कान प्रश्नचिन्हासारखा आला. तिसरा बशीसारखा. (माफ करा बाई, सवय जात नाही.) कागदभर फुल्याच फुल्या. आठवडा गेला, दोन गेले. मी मनात म्हणायचो, कशाला पोरीला छळताय? पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. फुल्या मारताना बिट्टी रडत नव्हती. "ही मनातली, ही मनातली, ही बघितलेली," असं म्हणत होती. बघितलेल्या रेघा वाढत होत्या. हात अजून अवघडलेलाच होता, तो आजही आहे. पण तो आता कुठं जायचं ते विचारून जात होता.

तेविसाव्या दिवशी आतून आरोळी आली. "आई! तुझ्या कानाला दोन भोकं आहेत! एक बुजलेलं!"

"आहेच," आई म्हणाली. "लहानपणी चुकीच्या जागी टोचलं गेलं. पिकलं, मग पुन्हा टोचलं. महिनाभर त्या कुशीवर झोपले नव्हते."

मंडळी, दाराआड मी भिंतीला टेकून उभा राहिलो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या बाईच्या डोळ्यांवर मी तोंडपाठ कविता म्हणत आलो होतो. आणि ते भोक मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांच्या, अंगात कला नसलेल्या पोरीनं ते शोधलं, कारण कुणीतरी तिला फक्त बघायला बसवलं होतं. त्या दिवशी त्या चित्रावर एकही फुली पडली नाही. बाईंनी ते पाहिलं, शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "आता डावा."

कानांवरून हनुवटी, हनुवटीवरून कपाळ. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात बिट्टीचं चित्र येईल असं मला वाटलं. बिट्टी म्हणाली, "नाक जमलं नाही." त्याच्या पुढच्या वर्षीही नाक. शाळा संपली, नाक संपेना! जाताना ती बाईंना म्हणाली, "माझा खिळा ठेवाल?" बाई म्हणाल्या, "मी आहे तोवर ठेवीन."

मोठी कलावंत झाली का ती? नाही हो. लांबच्या शहरात, पंप बनवणाऱ्या कारखान्यात सुट्या भागांची चित्रं काढते. तिचे साहेब म्हणतात, त्या भागात नसलेलं हिच्या कागदावर काही नसतं आणि असलेलं काही सुटत नाही. दरवर्षी मी विचारतो, "नाकाचं काय?" ती म्हणते, "बाबा, तुम्ही दुसऱ्या खोलीत जा बघू."

आज बाई निघाल्या. म्हणजे खिळ्याची मुदतही आजच संपते. म्हणून सकाळी मी घरी भीत भीत विचारलं, "येतेस का? बाईंचा शेवटचा दिवस आहे."

"बोलावणं आलंय का?"

"मी बोलावतोय की."

"तुमचं नव्हे," असं म्हणून ती ठेवणीतल्या कपड्यांना इस्त्री करू लागली. शेजारी कुठं जायचं असेल, असं समजून मी एकटाच निघालो. तेव्हा बाई, खिळा रिकामाच तुमच्या स्वाधीन करतो. तुम्ही शब्द पाळलात. आमच्याकडून तेवढं राहून गेलं.

अध्यक्षबाईंनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी चहा निवत असताना ऐकून घेतलं, आपला मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, घड्याळाचा विषय नको तितका निघाला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. बाई, तुम्हाला निरोगी, निवांत, भरपूर बघण्याचे दिवस लाभोत. एवढं बोलून मी माझे दोन...

शिपाईमामा, दारात कोण आहे? वाट द्या हो त्यांना, त्या किटलीमुळं अडल्यात. मागे वळून कुणाशी तरी बोलतायत, चेहरा दिसत नाही. कान तेवढा दिसतोय.

उजवा कान.

अध्यक्षबाई, मला वाटतं, मी खाली बसावं. मागून बिट्टी येतेय, आणि तिच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी आहे. बाई, तुम्ही उठलात? थांबा, स्टूल मी धरतो. नाही, मी काही बोलणार नाही. गुणगुणणारही नाही.