घरात कुणी नाही

फिनलंडमधल्या कुओपिओच्या थांब्यावर इर्याबाई विणकाम करत बसची वाट पाहत होत्या. शेजारी एक म्हातारी आपल्या प्रोग्रामर मुलाला झापत होती.

“योउनी, तुझं ते यंत्र काढून ने. शनिवारी सौनाच्या खोलीत वाफ घेत बसले होते, तर दिवाही गेला आणि शेगडीही बंद पडली.”

“आई, ते मीच तसं लिहिलंय. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की घरात कुणी नाही असं समजून सगळं बंद होतं.”

“कुणी नाही? मग मी काय भूत आहे?”

“अगं, अधूनमधून हात हलवत जा ना!”

“सौनात कवायत करू?”

“बाबा होते तेव्हा एकदाही बंद पडलं नव्हतं.”

“कसं पडेल? ते शेगडीवरच्या तापल्या दगडांवर सारखं पाणी ओतायचे. मी ओरडायचे, ‘मार्त्ती, पुरे, सोलून काढणार का मला!’ की मुद्दाम आणखी एक डाव पाणी. मी खालच्या फळीवर पळायचे, तर हे हसत अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्या घेऊन मागे.”

“आणि आता?”

“आता नुसती बसते. पाणी ओतायचं राहूनच जातं.”

इर्याबाईंच्या सुया थांबल्या.

“आई, या शनिवारी येतो मी.”

“यंत्र काढायला?”

“नाही, सौनाला.”

“तुला कुठे सोसते एवढी वाफ?”

“नाही सोसत. तू ओतत राहा, मी ओरडेन.”