डबीतली हळद

(कोरीट गावातलं घर. उखा खाटेवर, पट्टी बांधलेला पाय उशीवर. बायको सिंधुबाई चुलीपाशी. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी चेतना बर्फाचा डबा उघडून बसली आहे; बर्फात एक छोटी डबी.)

चेतना: आई, डबी पिवळी कशी झाली?

सिंधुबाई: तू न्हावाले गयती ना, तव्हय मी हळद टाकी.

चेतना: डबीत?

सिंधुबाई: मंग? यास्ना पायना तुकडा शे तो. डाक्टरनी सकाळेच कापेल शे. जखमले हळद लावतस का नही?

चेतना: अगं, तो पायापासून वेगळा झालाय!

सिंधुबाई: तू बी वेगळीच ऱ्हास. तुले सर्दी व्हयनी ते हळद मीच धाडी देस ना?

उखा: फोडणी नही दिधी, हाई नशीब समज.

चेतना: हसू नका, आप्पा. त्यातल्या पेशी जिवंत न्यायच्या होत्या. एकेक सुटी करून बघायचं होतं, कोणती जखम भरतेय आणि कोणती नुसती सुजून बसलीय. साखरेच्या आजारात जखम का चिघळते, ते असंच कळतं.

उखा: एकेकीले इचारतस?

चेतना: हजारो पेशींना. कुणाच्या आत काय चाललंय, सगळं वाचता येतं.

उखा: भारी शे. दोन वरीस पाय सडी ऱ्हायना, मले एकडाव बी इचारं नही. मले इचाराले मशीन लागत नही, म्हनीसन ऱ्हाई गयं व्हई.

चेतना: …कामं होती, आप्पा.

सिंधुबाई: मंग दुसरा तुकडा लई जाय. त्यान्हावर दवाई निंघनी का पाय बरा व्हई.

चेतना: आई, निकालालाच दीड-दोन वर्षं लागतील. औषध त्याच्याही पुढे. निघालं तर.

सिंधुबाई: तवलोंग पायनं काय?

चेतना: आप्पा, तुम्ही आईला सांगितलं नाही?

उखा: तू सांगशी असं वाटनं. शिकेल तू शे.

सिंधुबाई: काय सांगानं शे?

उखा: सोमवारले कापतस. घुडगाखालतून.

सिंधुबाई: …आनि हाई पोर तुकडा लेवाले उनी?

उखा: तिले नको बोलू. चेतना, आते तुकडा कसाले? सोमवारले सगळाच निंघस. मोठा डबा आन.

चेतना: खरं तर… जखमेच्या कडेचा भाग चालेल. तुमची सही लागेल.

उखा: देसु. सोमवारलोंग थांबस का मंग?

चेतना: थांबते.

उखा: पायकरता, का मन्हाकरता?

सिंधुबाई: इचारू नका. थांबी ऱ्हायनी ना.