तोंडी वही

सुशील : वही इथंच थांबते, काकी. पौषातला शुक्रवार. 'कडुलिंबाचं पाणी शिंपलं, फूल चांगलं.' त्याच्या खाली काय नाय.

काशीबाई : नसंल.

सुशील : पुढची पानं?

काशीबाई : कोरी हायत.

अनिता : कोरीच असणार ना, सुशीलदादा. लिहिणारा माणूस रविवारी गेला. तू खांदा द्यायला होतास. अडीच महिने झाले नायत, आणि विचारतोस पुढची पानं कुठं.

सुशील : विचारावं लागतं गो, अनिता. तू अष्टमी गावात बसून गटाची पाकिटं भरतेस, तुला मी काय सांगू? अकरा घरं, बिनऔषधाची शेती, एकमेकांची रानं एकमेकांनी तपासायची. माझं तुझ्या बाबांनी तपासलं, त्यांचं मी. वही बघितल्याबिगर वालाच्या पाकिटावर शिक्का कसा लावू?

अनिता : मग बघितलीस ना? लाव.

काशीबाई : त्याला पाणी दे आधी. निडी स्टेशनापासनं चालत आलाय.

सुशील : पाणी नंतर, काकी. पेरणीपासून खळ्यापर्यंत काय काय केलंत ते तोंडी सांगता? मी फॉर्मवर उतरवतो. तेवढं चालतं.

काशीबाई : तोंडीच हाय माझ्याकडं. ते लिहायचे, मी सांगायची. काम करता करता ओवी जुळायची, सांजच्याला त्यांना म्हणून दाखवायची. ते हसायचे आणि साध्या शब्दांत वहीत टाकायचे.

सुशील : काका म्हणायचे, आमची वही आधी गाते, मग लिहिली जाते. मला वाटायचं थट्टा करतात.

अनिता : थट्टा कसली! गटाच्या पहिल्या मीटिंगला बाबांनी आईला उभंच केलं होतं म्हणायला. ही लाजून खांबामागं गेली.

काशीबाई : म्हणू?

सुशील : म्हणा. सावकाश म्हणा.

काशीबाई : भाताच्या मागं गो, ओल राहिली मातीला. वाल मी पेरिले, शेण लावून बियाला.

सुशील : पेरणी, भात कापल्यावर. बियाण्याला शेण. दुकानातली पूड नाय. बरं.

काशीबाई : बियाला फुटलं पान, पानाखाली तण दाट. मायलेकींनी खुरपून, दोन दिसांत केली वाट.

अनिता : मी सुट्टी घेऊन आले होते तेव्हा. बाबा बांधावर बसून आमच्यातली कोण मागं पडतेय ते मोजत होते.

सुशील : खुरपणी, हाताने. तणनाशक नाय.

काशीबाई : वाटेच्या कडेला, मडकं गोमूत्राचं. सात दिस मुरविलं, पाणी कडुलिंबाचं.

सुशील : हं.

काशीबाई : कडुलिंबाचं पाणी, फुलावर शिंपिलं. पौषाच्या तोंडाला, रान जांभळं दिसलं.

सुशील : वहीतलं शेवटचं हेच. जुळतंय. पुढं?

काशीबाई : हे सुपातले वाल निवडायचे ऱ्हायलेत.

सुशील : काकी?

अनिता : पुढं काढणी. आई, ती राखेची म्हण. वाल राखेत घोळून कणगीत भरले ती.

काशीबाई : ती तशी सुरू होत नाय.

अनिता : का नाय होत? म्हण ना सरळ.

काशीबाई : मागच्या ओवीचा शब्द धरून पुढची उठते. ही सोडली तर ती उठणार नाय. तिचं तोंड पंपाला हाय.

सुशील : कसल्या पंपाला?

अनिता : पाण्याच्या. दुसऱ्या कसल्या?

सुशील : वालाला पाणी कोण देतं, अनिता? ओलीवर येणारं पीक.

अनिता : तुला शेतीतलं सगळंच कळतं. लाव शिक्का आणि जा ना दादा. रोह्याची बस चुकेल तुझी.

काशीबाई : दिसलं नाय रान, दहा दिस दारातून. नाथानं मारिलं, औषध पंपातून.

(काशीबाईला आपलाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. ती सुपातले वाल उगाच एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करते.)

सुशील : नाथाभाऊ? बाजूच्या बांधावरचा?

काशीबाई : तोच. धाटावला कंपनीत जातो. आमाला सुतक, भावकीला सुतक, दहा दिस रानात कोण जाणार? तो भावकीतला नाय. शिफ्टवरनं येताना बघितलं त्यानं, शेंड्याला माव्याची कीड चिकटलेली. काळं झालं होतं म्हणाला. दहाव्याला आला, दारात चप्पल काढली. 'वैनी, दोन पंप मारलेत. दादाचं पीक जाऊ दिलं नाय मी. निवांत बसा.'

सुशील : आणि तुम्ही?

काशीबाई : मी म्हटलं, बरं झालं.

अनिता : तिला तेव्हा कळत होतं काय कोण काय बोलतंय? चहाचं विचारलं तरी बरं झालं म्हणायची. पिंडाला कावळा शिवला, बरं झालं. शिवला नसता तरी तेच म्हणाली असती.

काशीबाई : कळत होतं. कानावर पडत होतं. आत जात नव्हतं.

सुशील : कसलं औषध? बाटली बघितलीत?

काशीबाई : नाय. वास आला होता. दोन दिस होता.

सुशील : मला हे आधी कोणी बोललं का नाय?

अनिता : कारण मला आत्ता महिन्याभरामागं कळलं, आणि मी म्हटलं, राहू दे. दादा, ऐक. पाकिटावर बाबांचा फोटो आहे. मी काढलेला, खळ्यात, टोपी तिरकी. शिक्का गेला की तो फोटो जाणार. क्यूआरच्या चौकोनावर मोबाइल धरला की त्यांचं नाव येतं, गाव येतं, नंबर येतो, तेपण जाणार. दुसरीकडं कुठं राहिलेत बाबा? सांग मला. सातबारावरनं पण तलाठी काढेल आता.

सुशील : घरात आहेत की फोटो.

अनिता : घरातल्या फोटोला हार आहे. पाकिटावरच्याला नाय.

काशीबाई : अनिता. पाणी दे त्याला.

सुशील : हे बघा, काकी. तो रकाना मी कोरा ठेवू शकतो. 'घरात दुःख, नोंद नाय.' एवढंच. कोणी मला विचारणार नाय.

अनिता : ठेव. ठेव ना दादा.

सुशील : पण गटाचा नियम तुलाही ठाऊक आहे. आज सांगितलं तर हे एकच रान दोन वर्षं बाहेर. लपवलं, आणि उद्या कोणी वाल तपासायला पाठवले, त्यात सापडलं, तर अकराही घरं बाहेर. त्यात मी पण. त्यात मैनाबाई पण, जिचं सगळं घर त्या अर्ध्या एकरावर आहे.

अनिता : बाबांनी तुला दोन वर्षं गटाबाहेर बसवलं, म्हणून आज उट्टं काढायला आलास. बोल ना तसं.

सुशील : बसवलं. बांधावर युरियाचे चार पांढरे दाणे दिसले त्यांना. माझ्या चुलत्याच्या गोणीतनं सांडलेले, मी शपथेवर सांगितलं. म्हणाले, 'असतील. मी दिसलं ते लिहितो.' आणि लिहिलं. सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाय. समोरनं आले की रस्ता बदलायचो.

काशीबाई : आणि हे माझ्याकडं येऊन सांगायचे, सुशील आज भाताच्या मळीतनं पळाला.

सुशील : हं. दोन वर्षांनी शिक्का मिळाला. तांदूळ घेऊन रोह्याच्या दुकानात गेलो. पहिलं त्या दुकानदाराला मूठभर दाखवायचो, तो दाताखाली फोडायचा, वास घ्यायचा, आणि तरी माझा तांदूळ दुसऱ्याच्या ढिगात ओतायचा. या खेपेला त्यानं शिक्का बघितला आणि फळीवर वेगळा ठेवला. वर माझं नाव. मला काय झालं ठाऊक नाय, मी सायकल तिथंच विसरून चालत घरी आलो.

अनिता : मग?

सुशील : मग काय. त्या चार दाण्यांनी माझं नाव खरं केलं. मी तोंडानं कधी बोललो नाय काकांना. राहून गेलं.

काशीबाई : त्यांना माहीत होतं.

सुशील : काय?

काशीबाई : सायकल तेच घेऊन आले होते ना तुझी.

अनिता : फोन वाजतोय. बाबांचा. आई, राहू दे, मी घेते.

काशीबाई : दे हिकडं. तो मोठ्यानं ऐकू येतो ते बटन दाब. मला नुसत्या कानाला कळत नाय.

दिपिका : हॅलो, कमळाकरकाका? मी दिपिका बोलतेय, पेणहून. पाकिटावरचा नंबर. मागच्या वर्षीपण केला होता बघा.

काशीबाई : ते नायत.

दिपिका : शेतावर गेलेत का? मग संध्याकाळी करते.

काशीबाई : नाय. संध्याकाळी पण नायत. पौषात वारले.

दिपिका : अगं बाई. मला... सॉरी, मला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही काकू का?

काशीबाई : व्हय. काय पायजे होतं?

दिपिका : काही नाही, राहू दे. नवे वाल कधी येतात एवढंच विचारायचं होतं. सासूबाईंचं ऑपरेशन झालंय. बाहेरचं काही तोंडात घेत नाहीत, पण बिरडं मागतात. आधी पाकिटावरचा फोटो बघतात, मग वाल भिजत घालायला सांगतात. म्हणतात, या माणसाची टोपी तिरकी आहे, पण वाल सरळ आहेत.

काशीबाई : या सालचे आमचे घेऊ नको.

अनिता : आई!

काशीबाई : रानात औषध मारलंय. आमी सुतकात होतो. मी मारलं नाय, पण रान माझं हाय. ऑपरेशनवाल्या बाईला नको.

दिपिका : पण... हे तुम्ही स्वतःच सांगताय?

काशीबाई : त्यांना विचारायला फोन केलास ना. ते असते तर त्यांनी सांगितलं असतं.

दिपिका : हो.

काशीबाई : हितं सुशील बसलाय, पलीकडच्या गावचा. त्याचे वाल घे. त्याचं रान यांनी तपासलेलं हाय. फार कडक तपासायचे.

सुशील : काकी...

दिपिका : घेते. आणि काकू, तुमचे?

काशीबाई : दोन वर्षं नाय.

दिपिका : मग दोन वर्षांनी याच नंबरवर करू का?

काशीबाई : याच नंबरवर कर.

दिपिका : बरं. ठेवू? काळजी घ्या.

काशीबाई : ठेव.

(सुशील फॉर्म पुढे ओढतो.)

काशीबाई : लिही आता.

सुशील : लिहितो. 'फुलोऱ्यात फवारणी, दोन पंप. औषधाचं नाव माहीत नाही.' कोणी केली, असा रकाना आहे. हा फॉर्म मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचतात, काकी. नाथाभाऊंचं नाव घालू?

काशीबाई : मायेनं मारलं, असं लिहायला जागा हाय?

सुशील : नाय.

काशीबाई : मंग शेजाऱ्यानं, एवढंच लिही. ते खोटं नाय. नाथाला काय बोलू नका कोणी. तो दर रविवारी येऊन ओटीवर बसतो. काय बोलत नाय, नुसता बसतो. येणं बंद करील.

अनिता : आणि हे कणगीतले?

काशीबाई : साध्या पोत्यात घालून व्यापाऱ्याला. काय झालं ते त्यालापण सांगायचं. ओतील कुठल्या तरी ढिगात.

अनिता : तू रडत पण नायस, आई. मला वाटलं, आज हे सगळं निघेल तेव्हा तरी रडशील.

काशीबाई : जातं नुसतं फिरतंय गो. खाली पडत काय नाय. पडंल तेव्हा पडंल. ये, बस हितं जवळ.

सुशील : काकी, फॉर्म पुरा करायला शेवटची एक लागेल. साठवण कशी केलीत ती.

काशीबाई : पंप गेला घरी, शेंगा वाळल्या खळ्यात. राखेत घोळून, वाल भरले कणग्यात.

सुशील : राखेत. किडीच्या गोळ्या नाय.

काशीबाई : नाय.

अनिता : आई, बाबा गेले त्या रविवारची ओवी कुठाय? शुक्रवारनंतर एकदम दहा दिवस.

काशीबाई : त्याची झाली नाय.

अनिता : जांभळ्या रानावरनं सरळ पंपावर गेलीस.

काशीबाई : ते ऐकणारे होते. त्यांचीच त्यांना कशी म्हणू?

सुशील : इथं अंगठा लागेल, काकी. शेतकरी म्हणून. काकांचं नाव खोडून तुमचं घातलंय.

काशीबाई : खोडलंस?

सुशील : एकच रेघ मारलीय. वाचता येतं खालचं.

काशीबाई : बरं झालं. शाई दे.

सुशील : निघतो मी. बस गेली असेल, चालतच जाईन. पुढच्या पेरणीला येईन. दोन वर्षं शिक्का नसला तरी वही लागते, दर आठवड्याची. तुम्ही म्हणा, अनिता लिहील.

अनिता : माझं अक्षर बाबांसारखं नाय.

सुशील : मला वाचता आलं म्हणजे झालं. पाकिटांवरचा फोटो सोमवारी काढतील. नवीन छापतील त्यात नसेल. एक जुनं मी ठेवून घेतलंय, माझ्या बियाण्याच्या डब्यात. तुम्हाला देऊ?

काशीबाई : तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुझ्यावर नजर पायजे.

सुशील : येतो, काकी.

काशीबाई : ये. भाताच्या मळीतनं जा, जवळ पडंल.

अनिता : आई, पाणी द्यायचं राहिलंच त्याला.

काशीबाई : ऱ्हायलं. आणि तो फोन चार्जिंगला लाव गो. दोन वर्षांनी येणाराय एक.