तीन बोटं फट

धाकटा : आधी शिडी काढा. मग काय बोलायचं ते बोलू.

गवंडी : साहेब, शिडी बाईंच्या भिंतीला टेकलीय. तुमच्या भिंतीला माझा हातही लागलेला नाही.

धाकटा : शिडी कुठेही टेकू दे. वरचं धुराडं दोघांचं आहे. वडिलांनी कागदावर लिहून ठेवलंय, मधली भिंत आणि धुराडं बहीणभावाचं सारखं. मी हो म्हटल्याशिवाय एक वीट हलणार नाही.

ताई : विटांना तुझी परवानगी लागत नाही. त्या आपणहून पडतायत. काल एक माझ्या न्हाणीघराच्या पत्र्यावर आली. हातभर इकडे पडली असती तर आज तू माझ्या नावाने रडत असतास. निदान लोकांसमोर.

धाकटा : हे बघ ताई, म्हणूनच सांगतोय, पाडून टाकू. कौलांच्या खाली आणायचं, भोकावर कौलं चढवायची, विषय संपला.

ताई : आणि माझ्या शेगडीचा धूर कुठे सोडू? तुझ्या दिवाणखान्यात?

धाकटा : हल्ली कोळशाची शेगडी वापरतं कोण?

ताई : ज्यांच्या भिंती वर्षातले आठ महिने ओल्या असतात ते. तुझ्याकडे विजेचा हीटर आहे, मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोने तीनदा दाखवलाय.

धाकटा : बायकोला मधे आणू नकोस.

ताई : मी कुठे आणतेय? तीच येऊन बसते मधे. आईला भेटायला तुमच्याकडे आले की खुर्ची ओढून दोघींच्या मधोमध. पंधरा मिनिटं. मी काही खाऊ घातलं तर बघायला.

धाकटा : ते का बसावं लागतं, हे गवंड्यासमोर बोलायला लावू नकोस.

ताई : बोल की. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय, एक गवंडीच राहिलाय.

गवंडी : मला तुमच्या घरातलं काही ऐकायचं नाही. मला एवढंच सांगा, वरचे सांधे सिमेंटने कोणी भरले?

धाकटा : मी. गेल्या वर्षी, पाऊस लागायच्या आधी. एका सकाळीत. तुम्ही लोकांनी परांची बांधण्यातच चार दिवस घातले असते.

गवंडी : घातले असते. आणि मग चुन्यात काम केलं असतं. ही वीट जुनी आहे, मऊ आहे, बिस्किटासारखी. चुना तिच्याबरोबर भिजतो, तिच्याबरोबर सुकतो. सिमेंट कडक. पाणी आत गेलं की त्याला बाहेर यायला वाटच नाही. मग विटेचं तोंड फुटतं आणि गळून खाली येतं. बाईंच्या पत्र्यावर आलं ते तेच.

ताई : म्हणजे ते याचंच काम.

धाकटा : नव्वद वर्षांचं बांधकाम आहे, ते पडणारच. खापर फोडायला माझंच डोकं सापडतं सगळ्यांना.

गवंडी : बरं. आणि धुराड्याच्या एका तोंडावर ठेवलेली ती फरशी?

धाकटा : तीही मीच ठेवली. धुराड्याला वर दोन तोंडं आहेत. माझ्या बाजूचं मी बंद केलं. मी शेगडी पेटवत नाही, मग पाऊस कशाला आत घ्यायचा? पण अगदी घट्ट नाही केलं. नळीला हवा लागते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, एवढं मलाही कळतं. खाली विटांचे तुकडे लावून तीन बोटं फट ठेवली.

गवंडी : मग पाणी थांबलं?

धाकटा : कुठलं थांबतंय. अजूनही माझ्या शेगडीत बादली ठेवावी लागते. म्हणून तर म्हणतो, हिच्या बाजूची भिंत सडलीय, तिथून झिरपतंय. पाडा.

गवंडी : झिरपतंय की पडतंय? बादलीत आवाज येतो का?

धाकटा : टपटप येतो. पाऊस जोराचा असला की धारच लागते. का?

गवंडी : झिरपणारं पाणी भिंतीवरून उतरतं, साहेब. त्याचा आवाज होत नाही. आणखी एक. फरशीच्या फटीला आतून काजळी आहे. बोटाला लागली, हे बघा. ताजी आहे. तुम्ही शेगडी पेटवत नाही म्हणता. मग ही कुठून आली?

धाकटा : जुनी असेल.

गवंडी : फरशी गेल्या वर्षीची आहे. तिच्यावर जुनी काजळी कशी असेल?

ताई : तुम्हाला म्हणायचंय काय?

गवंडी : बघितल्याशिवाय काहीच म्हणायचं नाही. साहेब, तुमच्या शेगडीत एक ओलं गोणपाट जाळू या.

धाकटा : वेड लागलंय का? नळी बंद आहे. सगळ्या घरात धूर होईल. आत आई आहे.

गवंडी : आजींना ओट्यावर बसवा. धूर झाला तर घर मी स्वतः पुसून देतो आणि शिडी घेऊन जातो. पुन्हा या गल्लीत दिसणार नाही.

ताई : जाळ की. एवढा तुझा स्वतःच्या कामावर भरवसा आहे तर.

धाकटा : जाळतो. पण आत धूर झाला ना, तर हे धुराडं उद्याच्या उद्या पाडायचं. कबूल?

ताई : कबूल.

(धाकट्याने आपल्या शेगडीत गोणपाट पेटवलं आणि तो धावतच अंगणात आला. आत धूर झाला नाही. वर, ताईच्या बाजूच्या उघड्या तोंडातून पिवळट धुराचा जाड लोट निघाला आणि कौलांवरून खाली वाकला. फरशीखालून काहीही आलं नाही.)

गवंडी : पूर्वीचे गवंडी नळी सरळ नेत नसत. सरळ नेली तर पाऊस थेट निखाऱ्यावर पडतो. म्हणून मधे वाकवायची. तुमच्याकडे दोन्ही वाकवल्यात, आणि आतल्या आत त्या एकमेकींना ओलांडून गेल्यात. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. बाहेरून कळत नाही. म्हणून आमच्यात फरशी ठेवायच्या आधी खाली धूर करून बघतात. कामावर लागल्याच्या पहिल्या वर्षी शिकवतात हे.

धाकटा : म्हणजे पाणी माझ्याच नळीतून...

गवंडी : तुमची नळी उघडीच आहे. पहिल्यापासून.

ताई : आणि माझी?

गवंडी : तुमच्यावर फरशी आहे, बाई. तीन बोटं फट सोडून.

ताई : पण माझ्या खोलीत धूर होत नव्हता. झाला असता तर मला कळलं नसतं का?

गवंडी : लाकूड असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कोळसा लाल झाला की धूर करत नाही. पण त्याचा वायू असतोच. त्याला रंग नाही, वास नाही. तीन बोटांतून थोडा जातो, बाकीचा खोलीत राहतो. खिडकी उघडी असली तर निभतं.

ताई : बंद असली तर?

गवंडी : डोकं जड होतं. मळमळतं. पाय उचलत नाहीत. म्हातारं माणूस असलं तर बरळायला लागतं, माणसं ओळखत नाही. घरातले म्हणतात वय झालं.

ताई : डॉक्टरही तेच म्हणाले होते.

धाकटा : ताई, थांब जरा...

ताई : आईला वाऱ्याची झुळूक सोसत नाही. पाऊस लागला की ती खिडकी लावायला सांगायची, फटीत चिंध्या कोंबायला लावायची. तिची खाट शेगडीपासून दोन पावलांवर. मी दिवसभर शाळेत. मुलांना शिकवून घरी आले की ती मला "कोण गं तू" म्हणून विचारायची. आणि तू येऊन बघितलंस, आणि काय म्हणालास? बोल. आता गवंड्यालाही कळू दे.

धाकटा : तेव्हा मला जे दिसलं त्यावरून...

ताई : तू म्हणालास, मी तिला झोपेच्या गोळ्या देते. शांत पडून राहावी म्हणून. मामांना सांगितलंस. आत्याला सांगितलंस. माझ्या शाळेतल्या बाईंनाही कोणीतरी सांगितलं, ते तू नसशील तर तुझी बायको असेल.

धाकटा : आईला मी इकडे आणलं आणि आठ दिवसांत ती चालायला लागली. कोणीही तेच समजलं असतं. तू माझ्या जागी असतीस तर तूही.

ताई : नाही. मी आधी तुला विचारलं असतं.

धाकटा : मी तिला नेलं म्हणून ती वाचली, हे तरी मान्य कर.

ताई : करते. तू नेलंस म्हणून ती वाचली. आणि तू वर चढलास म्हणून ती मरायला टेकली होती. दोन्ही तुझ्या हातून झालं, आणि आठ महिने लोकांना त्यातलं अर्धंच सांगितलंस.

धाकटा : मला माहीत नव्हतं गं.

ताई : ते मला कळतंय. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण माहीत नसताना एवढं ठामपणे बोलायची हिंमत तुला होते कुठून? लहानपणापासून तेच. स्वतः फोडायचं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

गवंडी : बाई, तुमचं डोकं दुखायचं का त्या दिवसांत?

ताई : रोज. मला वाटलं रडून दुखतंय. आई याच्याकडे राहायला गेल्यावर थांबलं, कारण मग मी खिडकी उघडी टाकायला लागले. मला वाटलं, जबाबदारी गेली म्हणून बरं वाटतंय. लाज वाटली होती मला त्याची.

धाकटा : फरशी आत्ता काढा. मी म्हणतो म्हणून काढा. आणि सगळं चुन्यात करा, जसं करायचं तसं. काय लागेल ते मी बघतो.

गवंडी : काढतो. पण सिमेंट खरवडायला वेळ जाईल. घाई केली तर विटा फुटतील. आज-उद्या शेगडी पेटवू नका, बाई.

धाकटा : ताई, हे आता आपल्यातच राहू दे. धुराडं नीट होतंय, आई बरी आहे. तू हवं तेव्हा ये, हवं तितका वेळ बस. मी बायकोला सांगतो. झालं गेलं ते...

ताई : आईने परवा मला काय विचारलं माहितेय? तुझी बायको दूध उतू जातंय म्हणून आत गेली होती, तेवढ्यात. माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "का गं, मी तुला इतकी जड झाले होते?"

धाकटा : आई म्हणाली?

ताई : रागाने नाही. रागावली असती तर मी भांडले असते. तिने मला माफ करून टाकलं होतं. जे मी केलंच नाही त्याबद्दल. मी नाही म्हणाले, तर माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "असू दे, थकली असशील." घरी आले आणि औषधांच्या डब्यासमोर बसून राहिले. मलाच वाटायला लागलं, दिल्या असतील का मी? चुकून, जास्तीच्या?

धाकटा : ताई...

ताई : परवापासून मी स्वतःलाच विचारतेय.

धाकटा : ती ओट्यावर बसलीय. विचारत होती, गोणपाट कशाला जाळलं म्हणून.

ताई : मग जाऊन सांग.

धाकटा : तू पण चल. तू समजावून सांगितलंस तर तिला नीट कळेल. मला बोलायला जमणार नाही.

ताई : मामांसमोर जमलं होतं.

धाकटा : तिची तब्येत... एकदम सांगितलं तर धक्का बसेल तिला.

ताई : मुलगी आपल्याला मारायला निघाली होती, हा धक्का तिने पचवलाय. मुलगा धुराड्यावर चढून चुकला, हाही पचवेल. जा.

धाकटा : काय म्हणू? सुरुवात कुठून करू?

ताई : ताईने काही केलं नव्हतं, इथून कर. बाकीचं नाही सांगितलंस तरी चालेल.

धाकटा : जातो.

गवंडी : बाई, पाऊस सुरू झाला. पडवीत तरी उभ्या राहा.

ताई : नको. इथून ऐकू येतं.

गवंडी : काय म्हणतायत?

ताई : अजून विटांचंच सांगतोय.