चष्मा खिशातच

लिमाच्या त्या झगमगत्या जपानी हॉटेलात टेबल मिळेपर्यंत रोसाउरा बारपाशी ताटकळली होती. डीजेचा दणदणाट, त्यात मिट्ट अंधार. शेजारची दोन पिकली पानं बिचारी ओरडूनच बोलत होती.

"मियाशिरोसाहेब, मेनू वाचा ना. जपानी तुम्ही!"

"चष्मा घरी राहिला, देल्मिराबाई."

"मग तुमच्या खिशातून माझ्या दंडाला टोचतंय ते काय?"

"लावतो. पण आधी एक सांगतो. आजच्या पहिल्या भेटीआधी मी फोनवर पाठवलेला फोटो माझ्या धाकट्या भावाचा होता. त्याला चष्मा नाही."

"अगं बाई! लाज नाही वाटली?"

"घराण्याची रीतच आहे आमच्या. आजोबांनी इथून जपानला मित्राचा फोटो धाडून आजीला लग्नाला बोलावलं. ती इथल्या कायाओ बंदरात उतरून बघते, तर हे ध्यान!"

"मग? परत गेली?"

"पुढचं जहाज येईपर्यंत थांबते म्हणाली. सात पोरं झाली."

"मेनूवर टॉर्च धरू का?" वेटरने वाकून विचारलं.

"नको!" दोघंही एकदम ओरडली.

"मी ओरडलो ते ठीक. तुम्ही का, देल्मिराबाई?"

"मी पाठवलेला फोटो माझ्या लेकीचा होता."