शेवटच्या चाकाची चव

—नाही नाही, ते आधी नको. त्या निळ्या बुरशीच्या चीजला हात लावू नका अजून. सगळे तिथंच चुकतात बघा ताई, काचेतून निळं दिसलं की बोट तिकडे. एकदा ते जिभेवर गेलं ना, की पुढचा अर्धा तास तुम्हाला खडू चारला तरी कळायचं नाही. आधी सौम्य, मग कडक, निळं सगळ्यात शेवटी. पंधरा पाहुणे म्हणालात ना? मग पाच प्रकार, बास. जास्त मांडलं की लोक खात नाहीत, नुसतं टोकरत बसतात. घ्या, हे बकरीच्या दुधाचं, आठ दिवसांचं. क्रॅकरवर लावा — मसाल्याचा नको, हा साधा घ्या, बिनमिठाचा. क्रॅकरनं गप्प बसायचं असतं, बोलायचं चीजनं. हे आमच्या ह्यांचं वाक्य, माझं नाही. दुकानातलं निम्मं बोलणं त्यांचंच आहे, मी आपलं घोकून घेतलंय. — लिंबासारखं लागलं? लागायलाच हवं. तुमचे डोळे बारीक झाले ना, तेव्हाच कळलं मला.

आता हे मऊ. थांबा, पाठीसकट खा, ही वरची पांढरी साल, आम्ही पाठ म्हणतो, ती खायचीच असते, लोक सोलून टाकतात आणि मग म्हणतात चव नाही. तासभर आधी बाहेर काढून ठेवलंय. तुम्हीही तसंच करा, फ्रिजमधून थेट ताटलीत नको, गार चीज मुकं असतं. ह्याच्याबरोबर बिअर, हलकी, फेसाची. फेस तोंड धुऊन काढतो, मग दुसरा घास पहिल्यासारखा लागतो. आणि ह्या जुन्या कडक चीजबरोबर काळी बिअर. निळ्याबरोबर गोड वाईन, खारटाला गोड, त्यात काही मोठं शास्त्र नाही. बकरीच्याबरोबर ही पांढरी वाईन, हं, घोटभर घ्या. ग्लास असा फिरवायचा, नाक आत घालायचं — छान. कोवळ्या सफरचंदाचा वास. घ्या ना.

काय झालं? आंबट? सफरचंदासारखं आंबट की — व्हिनेगर? अहो, असं कसं, परवाच तर उघडली. का मागच्या आठवड्यात? बघू. नाही, मला बघून काय उपयोग. ठेवा तो ग्लास, ठेवा. दुसरी उघडते.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला वास येत नाही ताई. चवही नाही. नऊ महिने झाले, चार दिवसांचा ताप आला, तो गेला आणि हेही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत, काहींना येतं, काहींना नाही. तोंडात चीज घातलं की मऊ कळतं, खरखरीत कळतं, थंड कळतं, पुढे काही नाही. मेण चघळावं तसं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून बोलते मी. डोळे बारीक झाले की लिंबू, भुवया वर गेल्या की अळंबी, नाक मुरडलं की म्हणायचं, हे जरा धीट लोकांसाठी आहे हं. नऊ महिन्यांत एकानंही ओळखलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही पहिल्या, आणि त्याही वाईनमुळे.

ह्यांना? नाही, ह्यांनाही नाही सांगितलं. सांगणार होते. महिनाभरानं सांगू म्हटलं, तोवर येईल परत. तर ते मागच्या खोलीत चाक फिरवताना पडले. चाक म्हणजे चीजचं, हे असं गोल, एवढं, वीस किलोचं, फळीवरून उचलून रोज उलटं करायचं असतं. कंबरेचं हाड. एक ऑपरेशन, मग ते बिघडलं म्हणून दुसरं, मग जंतुसंसर्ग. आठ महिने दवाखान्यात. आता त्या माणसाला पलंगावर पडल्यापडल्या काय सांगू, की तुमच्या दुकानातलं नाकही गेलं? अठ्ठावीस वर्षं चीज केलं त्यांनी. मी फक्त काउंटरला; ते पडल्यापासून ताजं चीज बाहेरून आणून विकते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, आता वजन उचलायचं नाही, ओल्या फरशीवर उभं राहायचं नाही. म्हणजे संपलंच ना. — नाही, रडत नाहीये मी. रडू येत नाही. सगळे म्हणतात किती धीराची आहेस. धीर कसला, आतून काही हलतच नाही, त्याला मी काय करू?

आज येतायत ते. पाच वाजता. भाऊ आणतोय त्यांचा, गाडीतून. म्हणून जरा — तुम्हाला पाच मिनिटं आहेत? आणखी एक चाखाल? विकायचं नाही ते. मागच्या खोलीतून आणते.

हे. त्यांच्या हातचं उरलेलं शेवटचं चाक. वसंतात केलेलं, पहिल्या हिरव्या चाऱ्याच्या दुधाचं, दीड वर्षाचं झालं आज. त्यांनी त्यावर तारीख घातली तेव्हा म्हणाले होते, हे आपल्या हातचं सगळ्यात चांगलं निघणार. दवाखान्यातून रोज संध्याकाळी फोन. माझी तब्येत कशी हे मला विचारत नाहीत, स्वतःची सांगत नाहीत, एकच — आपलं चाक कसंय? फिरवलंस का? चव बघितलीस का? आणि मी सांगायची. अक्रोड येतोय आता. मागून थोडं लोण्यासारखं. त्यांच्याच जुन्या वहीतून वाचून दाखवायची, दुसऱ्याच कुठल्या तरी चाकाचं. ते ऐकत राहायचे. नर्स म्हणाली, फोन झाला की जेवतात. आठ महिने माणूस त्या अक्रोडावर जगलाय ताई.

ही भोकं? ही — चव बघायची असली की ही पोकळ सळई आत घालायची, गिरमिटासारखी फिरवायची, चीजची बारीक दांडी निघते, टोकाचं चिमूटभर खायचं आणि उरलेलं बुचासारखं परत आत बसवायचं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मी — दर रविवारी. मोजू नका, चौतीस आहेत. वाटायचं, ह्या रविवारी येईल चव. ह्यांच्या चाकाची तरी येईल. बाकी कशाची नाही आली तरी चालेल. प्रत्येक बूच नीट बसवायची, वरून लोणी फासायची. हो, हवा जाते आत, बुरशी धरते. माहीत आहे मला. अठ्ठावीस वर्षं काउंटरला उभी आहे, माहीत नसेल? तरी करायची. बाहेरून बघा, पाठ कशी सुरेख आहे. आज पहिल्यांदा सुरी लावतेय.

खा. खरं सांगा. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हे बघा, खाली बघते.

थुंकलं तरी चालेल. हा कागद घ्या.

बरं. बरं. पाणी घ्या. आतून निळं झालंय, नाही? हो, आता दिसतंय मलाही, प्रत्येक भोकापासून रेघ गेलीय. म्हणजे त्यांनी बिघडवलं नाही. मी बिघडवलं. त्यांनी चांगलंच केलं होतं. — नाही ताई, समजूत नका घालू, मला त्याचंही काही होत नाही. तुम्हाला दुसरंच एक काम सांगते. वही ही, पेन्सिल कुठं गेली — हं. कडू ना? कुठं कडू, पुढे की घशाजवळ? घशाजवळ. आणि वास? झोंबणारा, डोळ्यात पाणी आणणारा? फिनेलसारखा म्हणू? अजून? ओली पुठ्ठ्याची खोकी. लिहिलं. आणि अक्रोड? कुठंच नाही? एका कोपऱ्यातही नाही? आठवून सांगा हो. मधला भाग, भोकांपासून लांबचा, हा एवढासा तुकडा — घ्या ना अजून एकदा, माझ्यासाठी.

लोणी? खरंच लोणी, की मला बरं वाटावं म्हणून? — मान हलवू नका, बोला. किंचित. कडूच्या आधी, क्षणभर. बरं. तेही लिहिते. किंचित लोणी, क्षणभर, मग कडू. ही वहीतली पहिली खरी नोंद माझ्या हातची.

खोटं बोलून भागणार नाही आज. मी हजार बोलीन, पण ते स्वतः चाखणार ना. त्यांची जीभ शाबूत आहे. दारातून आत आले की आधी हेच मागतील, कोट काढायच्या आधी. मग वहीतलं हे पान वाचून दाखवीन, आणि भोकं दाखवीन, आणि का पाडली ते सांगीन. तुमचे शब्द आहेत, माझ्याकडे नव्हते. त्यांना मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

तुमचे पाच प्रकार बांधलेत मी. वाईनची बाटली नवी दिलीय. नाही, त्या खराब घोटाचं तुम्ही कशाला देता, ठेवा. — ती गाडीच असेल. हो, त्यांचंच दार लावल्याचा आवाज, दणकन लावतात. तुम्ही आता जा ताई. मागच्या दारानं जा, तिकडून रस्त्याला निघता येतं. मी सांगत असताना तिऱ्हाईत कुणी इथं उभं नको. अहो, जा म्हणते ना!